ठेका तुटू नये म्हणून: ब्राउझरमध्ये सलग वाजणारा लूप कसा बांधायचा

गणपती किंवा शिवजयंती जवळ आली की कोल्हापुरात पेठापेठांतून लेझीमचा सराव सुरू होतो. हलगीवाला रोज संध्याकाळी मोकळा असतोच असं नाही. मग मोबाइलवर रेकॉर्ड केलेला तुकडा स्पीकरला जोडून परत परत वाजवला जातो. तुकडा संपून पुन्हा सुरू होताना दर वेळी एक बारीकशी फट पडते. लांबून ऐकणाऱ्याला ती कळतही नाही, पण ज्याच्या हातात लेझीम आहे त्याचं पाऊल नेमकं तिथंच चुकतं.

ही फट पूर्णपणे घालवता येते आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. या लेखात आपण एक छोटं वेब पान बनवू. त्यावर एक बटण असेल. ते दाबलं की हलगी आणि तिच्या साथीच्या घुमक्याचा ठेका सुरू होईल आणि थांबवेपर्यंत अखंड चालू राहील. पुढं त्याच रीतीनं रियाजासाठी तानपुराही बसवू. जावास्क्रिप्टची तोंडओळख असली तरी पुरे. ब्राउझर निवडण्याचं कारण सरळ आहे: तालमीतल्या कुणाच्याही फोनवर लिंक पाठवली की काम झालं, काही इन्स्टॉल करायला नको.

कोडातली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली दोन-चार इंग्रजी अक्षरं टाइप केलीत की पुढचं नाव तो स्वतःच सुचवतो.

फट येते कुठून

दोन ठिकाणांहून येते, आणि दोन्ही ठिकाणचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिली फट फाइलमध्येच असते. एमपी३ मध्ये आवाज ११५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे लहरीच्या उंचीची एकेक नोंद) फ्रेममध्ये भरला जातो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची होते. तुमचा तुकडा फ्रेमच्या पटीत बसला नाही, तर उरलेली जागा शांततेनं भरून काढली जाते. शिवाय एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. दोन्ही मिळून पन्नासेक मिलिसेकंद सहज होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे फट पाव मात्रेच्या दोन-पंचमांश झाली. इतक्यानं ठेका लंगडतोच.

दुसरी फट वाजवणाऱ्याकडून येते. पानावर साधा ऑडिओ टॅग टाकून त्याला लूप गुणधर्म दिला, तर ब्राउझर तुकडा संपल्यावर पुन्हा सुरुवातीला जातो आणि त्या जाण्यात वेळ मोडतो. काही जण ‘तुकडा संपला’ ही घटना पकडून पुन्हा प्ले करतात, काही जण सेट-टाइमआउट लावून वेळ मोजतात. हे दोन्ही मार्ग सोडून द्या. टायमर चालतो तो पानाच्या मुख्य धाग्यावर, म्हणजे पानाची बाकी सगळी कामं जिथं एकामागून एक होतात तिथं. तिथं दुसरं काही काम निघालं की तो मागं पडतो, आणि टॅब मागं गेला की बहुतेक ब्राउझर त्याला सेकंदातून एकदाच जागा करतात. ठेका मोजायचं काम ऑडिओच्या स्वतःच्या घड्याळावरच सोपवायचं. या लेखातला सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

रेकॉर्डिंग

कोडापेक्षा इथं जास्त वेळ द्या. चांगला कापलेला तुकडा चार ओळींच्या कोडात उत्तम वाजतो, आणि वाईट कापलेला कितीही हुशार कोड लिहिला तरी सुधारत नाही.

हलगी वाजवण्याआधी शेकून घेतात, म्हणजे कातडं ताणलं जाऊन आवाज कडक निघतो. वाजवता वाजवता ती गार होते, कातडं सैल पडतं आणि आवाज हळूहळू खाली उतरतो. समोर बसून ऐकताना हे लक्षात येत नाही. पण रेकॉर्डिंगचा आरंभ आणि शेवट एकमेकांना जोडला की सांध्यावर आवाज एकदम उडी मारतो. म्हणून लूपसाठी दोन्ही टोकं एकमेकांच्या जवळचीच घ्यायची. पाच मिनिटं वाजवून घ्या, पण त्यातला सलग पंधरा-वीस सेकंदांचाच भाग निवडा, तोही शेकल्यानंतरच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतला.

फोन हलगीच्या अगदी तोंडाशी धरू नका. दीड-दोन मीटर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा. ठोक्याला आवाज फाटला तर तो पुढं दुरुस्त होत नाही. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फाइलचा पर्याय असेल तर तोच घ्या. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर प्रत्येक जोरदार ठोक्यानंतर मागचं घुमकं दबलेलं ऐकू येतं.

वादकाच्या कानात मेट्रोनोम घालावा का, असं नवीन मुलं हमखास विचारतात. माझं मत ‘नको’ असं आहे. ज्यानं आयुष्यभर लेझीमच्या पावलांकडं बघत लय धरली, त्याला यंत्राच्या टकटकीला बांधलं की वाजवणं आखडतं. त्याला मोकळं वाजवू द्या, त्यातली स्थिर आवर्तनं आपण शोधू. आकडा नंतर काढता येतो. आणि एक गोष्ट आवर्जून करा: हे रेकॉर्डिंग रोज वाजणार आहे, तालमीबाहेरही जाईल, हे वादकाला आधी स्पष्ट सांगा, त्याची बिदागी द्या आणि पानावर त्याचं नाव घाला.

कापणी

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. रेकॉर्डिंग उघडा आणि लहर मोठी करून बघा. हलगीचा ठोका उभ्या कड्यासारखा दिसतो, म्हणून तो सापडायला सोपा.

आता कुठून कुठपर्यंत कापायचं? आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याच्या आरंभापासून पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याच्या आरंभापर्यंत. शेवटच्या ठोक्याचा आवाज जिथं विरतो तिथं कापू नका. मोजायची लांबी ठोक्यापासून ठोक्यापर्यंतची. आवाज कुठं विरला याचा तिच्याशी संबंध नाही. दोन्ही खुणा ठोक्याच्या दोन-तीन मिलिसेकंद आधी ठेवा, आणि दोन्हीकडं अंतर सारखंच ठेवा.

पहिलंच आवर्तन घेऊ नका, मधलं घ्या. पहिल्या आवर्तनाच्या आधी शांतता असते. मधल्या आवर्तनाच्या सुरुवातीला मागच्या घुमक्याची विरत जाणारी गुंज आधीच मिसळलेली असते. लूप शेवटाकडून पुन्हा आरंभाला आला की ती गुंज नेमकी हवी तिथंच ऐकू येते. पहिलं आवर्तन घेतलं तर दर फेरीला गुंज कात्रीनं कापल्यासारखी तुटते, आणि मग लोक त्यावर फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) लावत बसतात. फेड लावला की पहिल्या ठोक्याचा कडकपणा जातो. मधलं आवर्तन निवडलं की हा प्रश्नच उरत नाही.

निवड झाली की ऑडॅसिटीत ‘झेड’ कळ दाबा. निवडीची दोन्ही टोकं जवळच्या अशा जागी सरकतात जिथं लहर शून्याला छेदते. सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो तो बहुतेक वेळा लहर एका उंचीवर तुटून दुसऱ्या उंचीवर सुरू झाल्यामुळं. शून्यावर कापलं की ती उडी राहत नाही.

आता निवडीची लांबी सॅम्पलमध्ये बघा. खालच्या पट्टीत तसा पर्याय आहे. समजा आठ मात्रांचं आवर्तन १,८८,१६० सॅम्पलचं निघालं. ४४,१०० नं भागलं की ४.२६६७ सेकंद, म्हणजे एक मात्रा सुमारे ०.५३३ सेकंदाची आणि लय मिनिटाला ११२.५ मात्रांची. हा आकडा लिहून ठेवा, पुढं लागेल.

एकच आवर्तन लूप केलं तर कान ते मिनिटभरात ओळखतो आणि कंटाळतो. चार आवर्तनं सलग घेतली तर तुकडा सतरा सेकंदांचा होतो आणि वादकाच्या हातातले छोटे फरक त्यात टिकतात. माझी शिफारस चारचीच.

तपासताना ऑडॅसिटीत तुकडा लूपवर टाका आणि पडद्याकडं पाठ करा. रेघ सरकताना दिसत असली की सांधा येणार हे मनाला आधीच कळतं आणि कान फसतो. सगळ्यांत चांगली परीक्षा म्हणजे लेझीमच्या एखाद्या पोराला बोलावून चार पावलं टाकायला लावणं. त्याला सांधा कुठं आहे ते सांगता आलं नाही, तर कापणी जमली.

फाइल १६ बिट मोनो वेव्ह म्हणून जतन करा. सेकंदाला ८८,२०० बाइट म्हणजे सतरा सेकंदांना दीड एमबी. हे जड वाटलं तर फ्लॅक करा: आकार बराच उतरतो आणि एकही सॅम्पल इकडचा तिकडं होत नाही. एमपी३ टाळाच.

कोड

पान थेट फाइल म्हणून ब्राउझरमध्ये उघडलं तर ब्राउझर ऑडिओ फाइल फेच करू देत नाही. संगणकावर पायथॉन असेल तर त्याचा अंगभूत एचटीटीपी सर्व्हर त्याच फोल्डरमध्ये चालू करा आणि पान लोकलहोस्टवरून उघडा. नवख्यांचा पहिला तास इथंच वाया जातो, म्हणून आधीच सांगितलं.

पानावर एक बटण ठेवा आणि त्याच्या क्लिकमध्ये ऑडिओ-कॉन्टेक्स्ट तयार करा. क्लिकच्या आत का, तर वापरकर्त्यानं काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाही. कॉन्टेक्स्ट आधीच तयार केला असेल तर तो झोपलेल्या अवस्थेत असतो. अशा वेळी क्लिकमध्ये त्याच्यावर रिझ्यूम बोलवा.

त्यानंतर फाइल फेच करा, तिचा अ‍ॅरे-बफर घ्या आणि डीकोड-ऑडिओ-डेटाला द्या. उत्तरादाखल मिळतो तो ऑडिओ-बफर, म्हणजे मेमरीत पूर्ण उलगडलेला आवाज. तो एकदाच उलगडा आणि जपून ठेवा.

आता क्रिएट-बफर-सोर्सनं एक सोर्स बनवा. त्याच्या बफर गुणधर्मात आपला ऑडिओ-बफर ठेवा, लूप गुणधर्म ट्रू करा. क्रिएट-गेननं आवाजाची एक खुंटी बनवा. सोर्स गेनला जोडा, गेन कॉन्टेक्स्टच्या डेस्टिनेशनला जोडा. शेवटी स्टार्ट बोलवताना त्याला वेळ द्या: कॉन्टेक्स्टचा करंट-टाइम अधिक ०.१. हा दहावा हिस्सा सेकंद ब्राउझरला तयारीसाठी मिळतो, आणि ठेका नेमका कधी सुरू झाला हे आपल्याला माहीत राहतं. ती वेळ ‘आरंभ’ नावाच्या चलात ठेवा.

एवढंच. वाजवून बघा. इथून पुढं लूप ऑडिओचा धागा सांभाळतो. पानावर कितीही धावपळ असली तरी बफरच्या शेवटच्या सॅम्पलनंतर पहिलाच सॅम्पल येतो.

सोर्स एकदाच सुरू करता येतो. थांबवून पुन्हा स्टार्ट बोलवलंत तर चूक येते. दर वेळी नवा सोर्स बनवायचा. तो हलका असतो, जड असतो तो बफर, आणि तो तर आपण जपून ठेवलाच आहे.

नीट थांबवणं

सरळ स्टॉप बोलवलं तर लहर मध्येच तुटते आणि मोठ्या स्पीकरवर ‘फट्’ होतं. त्याऐवजी गेनची आताची किंमत सेट-व्हॅल्यू-अ‍ॅट-टाइमनं पक्की करा, लिनिअर-रॅम्पनं ३० मिलिसेकंदांत शून्यावर आणा, आणि स्टॉपला ४० मिलिसेकंद पुढची वेळ द्या. पहिली पायरी गाळू नका, ती नसेल तर उतार कुठून सुरू करायचा हे ब्राउझरला कळत नाही.

सोर्सला पॉज नसतो. मध्येच थांबवून तिथूनच पुढं न्यायचं असेल तर करंट-टाइममधून आरंभ वजा करा, त्याला तुकड्याच्या लांबीनं भागून बाकी घ्या, आणि नव्या सोर्सच्या स्टार्टला ती बाकी दुसरा आकडा म्हणून द्या. सरावात मात्र मध्येच थांबलं की मुलं पहिल्या पावलापासूनच सुरू करतात, त्यामुळं ही सोय तालमीत कुणी मागत नाही. तानपुऱ्याला तर तिची गरजच नाही.

सुरुवातीचा इशारा आणि शेवटची तिहाई

लूपच्या गुणधर्मांतला मला सगळ्यांत आवडणारा भाग हा, आणि फार थोडे जण तो वापरतात.

सोर्सला लूप-स्टार्ट आणि लूप-एंड असे दोन गुणधर्म आहेत, दोन्ही सेकंदांत. त्यांना हात लावला नाही तर अख्खा बफर फिरतो. पण समजा फाइलमध्ये आधी सुरुवातीचा इशारा आहे, मग चार आवर्तनांचा ठेका, आणि त्याला लागूनच शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समाप्ती करणारा तुकडा. लूप-स्टार्ट ठेक्याच्या पहिल्या ठोक्यावर ठेवा, लूप-एंड तिहाई सुरू होते तिथं. स्टार्ट केलं की इशारा एकदाच वाजतो, मग ठेका फिरत राहतो. थांबवायची वेळ आली की स्टॉप न बोलवता लूप गुणधर्म फॉल्स करा. चालू आवर्तनं पुरी होतात, आवाज लूप-एंड ओलांडून पुढं जातो, तिहाई वाजते आणि तुकडा आपोआप संपतो. समोर हलगीवाला उभा असल्यासारखा शेवट होतो. चार आवर्तनं म्हणजे जास्तीत जास्त सतरा सेकंद थांबावं लागेल, हे बटणाशेजारी लिहून ठेवा, नाहीतर लोक पुन्हा पुन्हा दाबत राहतात.

इथं आकड्यांची काटेकोर काळजी घ्या. लूप-एंड भरताना दशांश छाटून लिहू नका, भागाकारच लिहा: सॅम्पलची संख्या भागिले ४४,१००. एका आवर्तनाचा लूप ४.२६६७ ऐवजी ४.२७ लिहिला तर फेरीला सुमारे ३.३ मिलिसेकंद जादा जातात. पाच मिनिटांत सत्तर फेऱ्या होतात आणि फरक २३० मिलिसेकंदांच्या वर पोचतो, म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. सोबत दुसरा ट्रॅक किंवा मात्रा दाखवणारा दिवा असेल तर तो उघडउघड चुकलेला दिसतो. अनेक फोन ४८,००० सॅम्पलवर चालतात आणि डीकोड होताना फाइल त्या मापात बदलली जाते. सेकंद मात्र बदलत नाहीत, म्हणून भागाकार मूळ फाइलच्या मापानंच करायचा.

मात्रेचा दिवा लावायचा असेल तर त्यालाही टायमर नको. रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेममध्ये दर वेळी करंट-टाइम बघा, त्यातून आरंभ आणि इशाऱ्याची लांबी वजा करा, आवर्तनाच्या लांबीनं भागून बाकी काढा, ती मात्रेच्या लांबीनं भागा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळं दिवा पुढं पळतो. सरावाला वायरचा स्पीकरच बरा.

तानपुरा

कोल्हापुरात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब आहे, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांमुळं जयपूर-अत्रौली गायकीचं या गावाशी जुनं नातं आहे. तेव्हा हलगीनंतर इथले पुष्कळ जण तानपुऱ्याचाच लूप मागणार.

तानपुऱ्याला ठोका नसतो, सलग झंकार असतो. त्यामुळं हलगीची रीत इथं चालत नाही. कुठंही कापलं तरी चार तारांची गुंज मध्येच तुटते. इथं एकमेकांवर चढवलेला सांधा लागतो. अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या. त्याचे पहिले दोन-तीन सेकंद कापून दुसऱ्या ट्रॅकवर न्या आणि फाइलच्या शेवटच्या तेवढ्याच भागाखाली ठेवा. वरच्या भागाला फेड-आउट, खालच्याला फेड-इन, मग दोन्ही एकत्र मिसळा. आता फाइल संपते ती मूळ रेकॉर्डिंगच्या ज्या क्षणावर, त्याच क्षणापासून तिचा आरंभही होतो. सांधा उरतच नाही.

एक बारकावा: खाली सरकवलेला भाग असा बसवा की त्यातला पंचमाचा आघात वरच्या पंचमाच्या आघातावर पडेल. चार तारांचं आवर्तन पूर्ण पटीत आलं नाही तर आवाज तुटत नाही, पण बोटांची चाल अडखळल्यासारखी वाटते आणि गाणाऱ्याचा श्वास बिघडतो. मिसळलेल्या भागात आवाज दबला असेल तर सरळ उतारांऐवजी वक्र फेड वापरा.

लांबच लांब रेकॉर्डिंग घेऊन लूप टाळावा असं वाटेल. पण उलगडलेला प्रत्येक सॅम्पल मेमरीत चार बाइट घेतो. ४४,१०० वर स्टिरिओचं एक मिनिट २१ एमबी होतं, अर्धा तास सहाशे एमबीच्या वर. साधा फोन तिथंच मान टाकतो.

पट्टी बदलायची असेल तर सोर्सचा प्लेबॅक-रेट बदला. एका पट्टीची म्हणजे अर्ध्या स्वराची चढ हवी तर १.०५९५. पण याच्याबरोबर वेगही तितकाच वाढतो. तानपुऱ्याला एक-दोन पट्ट्यांपर्यंत ते खपतं. हलगीला तीन-चार टक्क्यांपलीकडं नेऊ नका, कातड्याचा आवाज डबा वाजवल्यासारखा होतो. संथ, मध्यम आणि जलद असे तीन ठेके वेगळे रेकॉर्ड करणंच योग्य. वेग बदललात तर वरच्या दिव्याच्या आणि थांबवून पुढं नेण्याच्या हिशोबात गेलेला वेळ प्लेबॅक-रेटनं गुणायला विसरू नका.

दोन लूप एकत्र वाजवायचे असतील, समजा हलगी आणि घुमकं वेगळ्या ट्रॅकवर, तर दोघांच्या स्टार्टला अगदी तीच वेळ द्या आणि दोन्ही तुकड्यांची लांबी सारखी किंवा पूर्ण पटीत ठेवा. पुढं त्यांना जुळवत बसावं लागत नाही.

मैदानावर नेण्याआधी

फोनचा पडदा बंद झाला की अनेक फोनवर आवाजही थांबतो. वेक-लॉक मागून पडदा जागा ठेवा. त्यासाठी पान एचटीटीपीएसवर असावं लागतं. मध्येच फोन आला तर कॉन्टेक्स्ट झोपू शकतो, तेव्हा बटणाच्या क्लिकमध्ये रिझ्यूम कायम ठेवा. आयफोन सायलेंटवर असेल तर वेब ऑडिओ ऐकू येत नाही, स्पीकर खराब आहे असं समजून वायर बदलत बसू नका. सलग अर्धा तास वाजवून बघा, आणि तेही ज्या फोनवर सराव होणार त्याच फोनवर.

ब्राउझर सोडून अ‍ॅप करायचं असेल तरी कापणी तीच, कोड फक्त बदलतो. अँड्रॉइडवर छोट्या तुकड्यांना साउंड-पूल चालतं, सॅम्पलनेमक्या लूपसाठी ऑडिओ-ट्रॅकचे लूप-पॉइंट्स. मीडिया-प्लेअरच्या लूपवर ठेक्यासाठी विसंबू नका. आयफोनवर ऑडिओ-प्लेअर-नोडला बफर देताना लूपचा पर्याय निवडा. पायथॉनमध्ये पायगेम असेल तर साउंडच्या प्लेला लूप्स उणे एक द्या, म्हणजे तो थांबवेपर्यंत वाजतो. तिथं तीन लिहिलंत तर तुकडा चार वेळा वाजतो, कारण पहिली फेरी त्या आकड्यात धरलेली नसते.